हिरवळीतली कोरडी जागा

“एवढं पाजूनबी हिचं पोट भरंना,” हिरवळीकडं बघत अंबुबाई पुटपुटल्या. मी त्यांच्या दंडाला टेप लावून उभी होते, म्हणून ऐकू आलं. मोठ्यानं त्या एवढंच म्हणाल्या, “शोभा, बाही जरा सैल ठेव ग.”

जनवाड्यात अंगणात हिरवळ असलेलं हे एकच घर. अंबुबाईंचा मुलगा किरणकुमार बेंगळुरूहून परत आला आणि त्यानं ती लावली. मातीत टोचलेल्या सळ्या ओल मोजतात, फोनला कळवतात, आणि कोरडं असेल तिथंच फवारा उडतो. “पाण्याची बचत, अक्का,” तो मला समजावतो. आमच्या गल्लीच्या नळाला येते ती करंगळीएवढी धार, तीही रोज नाही. बचत मला ह्यानं शिकवायची!

मागच्या उन्हाळ्यात माझी जाऊ सरुबाई रिकामी घागर घेऊन ह्याच फाटकात उभी होती. बोअर आटलंय, असं सांगून तिला परत पाठवलं. भर दुपारी ती दूरच्या विहिरीकडं निघाली आणि शिवारातच ऊन लागून तिचा जीव गेला. पाऊस पडायच्या आत इथं हिरवळ लागली. आटलेल्या बोअरवर गवत कसं उगवलं, हे गावात कुणी विचारलं नाही. मीही तो प्रश्न दोऱ्यासारखा दातात धरून ह्यांचे ब्लाऊज शिवत राहिले.

किरणकुमारचा फोन वाजला.

“परत कोरडं!” तो वैतागला. “काल फाटकाजवळची सळी बोंबलत होती, आज मधली. सगळ्या बदलल्या, अव्वा. तरी तेच.”

“घुशी असतील,” अंबुबाई म्हणाल्या.

मी ओसरीवरून उतरून बघितलं. फवारा चालू होता. गवत निथळत होतं आणि मधोमध दोन ठसे, राखेसारखे सुके. ठशावर हात धरला तर हाताच्या पाठीवर पाणी पडत होतं. खालची माती मात्र तव्यासारखी तापलेली.

डाव्या ठशाची बोटं बाहेर वळलेली होती.

मापं घेण्यात माझा जन्म गेला. लहानपणी गाडीच्या चाकाखाली आलेलं सरूचं डावं पाऊल असंच पडायचं.

“घूस दोन पायावर उभी राहती व्हय?” मी विचारलं.

किरणकुमार फोनच पुसत राहिला.

माझं डोकं फिरलं. “किरण, हे बंद कर आन् गल्लीला पाइप सोड. लेकरं तहानेली हायत.”

“बोअर तेवढं न्हाई ओढणार, अक्का. आटत आलंय.”

त्याच्या मागं फवारा गोल फिरत होता.

ब्लाऊज द्यायला गेले तेव्हा सगळ्या सळ्या उपटून भिंतीला टेकवलेल्या होत्या. फवारा बंद. ओसरीची फरशी नुकतीच धुतलेली, चकचकीत ओली.

उंबऱ्यासमोर दोन पावलं कोरडी होती. बोटं घराकडं. शेजारी एक गोल, घागर टेकवल्यासारखा.

“वत की अजून,” अंबुबाई म्हणाल्या.

किरणकुमारनं बादली उपडी केली. पाणी आलं, पावलांना वळसा घालून गेलं.

त्याच्या खिशात फोन वाजला. त्यानं बघितलं.

“काय म्हनायलंय?” मी विचारलं.

“कोरडं.”

अंबुबाई आत गेल्या. भरलेला तांब्या घेऊन आल्या. माझ्याकडं बघितलं नाही. उंबऱ्यापलीकडं, उभ्या बाईचं तोंड जिथं असेल तिथं बघून दोन्ही हातांनी तांब्या पुढं धरला.

तांब्या वाकडा झाला नाही. थेंबही सांडला नाही.

आतलं पाणी मात्र हळूहळू खाली जात होतं.

तळ दिसला तेव्हा अंबुबाईंनी तांब्या उंबऱ्यावर ठेवला.

“सरू,” त्या म्हणाल्या, “त्या दिवशी बोअरला पानी होतं ग. मीच न्हाई म्हनले.”