साखळीचे दोन वेढे

शनिवारी सकाळी सात वाजता एरॉल हेनिकेचा फोन आला. "ये. आत्ताच्या आत्ता."

लिनेट पास्को पोचली तेव्हा कुंपणाला टेकून एकसष्ट मेंढ्या मरून पडल्या होत्या. पलीकडे चाळीस पावलांवर पाण्याचा हौद तुडुंब भरलेला. मधलं फाटक बंद.

लिनेट पवनचक्क्यांच्या कंपनीत गावसंपर्काचं आणि पर्यावरणाचं काम बघायची. गावकऱ्यांकडे चहाला जायचं, तक्रारी ऐकायच्या, अहवाल लिहायचे, आणि कंपनीचं चुकलं की मान खाली घालायची. आज तिला मान वर करताच येईना.

"अलीकडच्या रानात पाणी नाही," एरॉल म्हणाला. "म्हणून फाटक सताड उघडं ठेवून बुधवारी ॲडलेडला गेलो, गुडघा दाखवायला. तीन दिवस चव्वेचाळीस डिग्री ऊन. कोणी बंद केलं?"

"मी शोधून काढते, एरॉल."

"सोमवारी हॉलवर सभा आहे. तिथे सगळ्यांसमोर नाव सांग. नाही सांगितलंस तर नवीन चक्क्या विसरा. आणि नाही म्हणणारा मी एकटा नसेन."

तिने साखळी न्याहाळली. खांबाला दोन वेढे देऊन कडी अडकवलेली होती. तिने फोटो काढून ठेवला.

टेकडीमागच्या घरात एरॉलच्या बायकोने, डोरीनने, चहा दिला. "गुरुवारी तू आणलेले स्कोन अजून उरलेत गं," ती म्हणाली, पण त्या छोट्या गोड पावांचा डबा काही काढला नाही. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. निघताना लिनेटने अंगणाचं फाटक लावलं, साखळी गुंडाळली, पुन्हा एकदा गुंडाळली, ओढून पाहिली आणि गाडीत बसली.

कंपनीच्या प्रत्येक गाडीची ये-जा कॉम्प्युटरवर उमटते. बुधवारनंतर त्या फाटकातून कंपनीचं एकच वाहन गेलं होतं. क्लाइव्ह टॉडचं रस्ता सपाट करायचं यंत्र, गुरुवारी दुपारी दोन वीसला परत बाहेर पडलेलं. पुढे वणव्याच्या धोक्यामुळे सगळं काम बंदच होतं. लिनेटने तासाभरात पत्र लिहिलं, 'प्राथमिक पाहणीनुसार' वगैरे. संध्याकाळपर्यंत क्लाइव्हला घरी बसवलं होतं. एकोणसाठ वर्षांचा माणूस. आता त्याला दुसरीकडे कोण घेणार?

रविवारी ती त्याच्या शेडवर गेली. तो हत्यारं पुसत होता. त्याने बसही म्हटलं नाही.

"गुरुवारी फाटक कसं होतं, क्लाइव्ह?"

"उघडं."

"आणि तू गेल्यावर?"

"उघडंच सोडलं."

"पण पुस्तिकेत लिहिलंय, प्रत्येक फाटक आठवणीने बंद करा."

"कोणी लिहिलंय?"

"मी."

"मग लिनेटबाई, तुमची पुस्तिका तुम्हीच पाळा! आमच्याकडे पोर चालायला लागलं की शिकवतात, फाटक जसं सापडेल तसं सोडायचं. उघडं तर उघडं, बंद तर बंद. का ठेवलंय ते धन्याला ठाऊक असतं." त्याने फडकं आपटलं. "साखळी कशी लावली होती?"

तिने फोटो दाखवला. क्लाइव्ह हसला, पण त्या हसण्यात गंमत नव्हती. "दोन वेढे! अगं, इथे खिळ्यावर कडी टांगली की झालं. हा कोणीतरी शहरातला. फाटक वाऱ्याने उघडेल म्हणून घाबरलेला."

लिनेटने फोन खिशात टाकला आणि ती सरळ गाडीकडे वळली.

घरी येऊन तिने गुरुवारचे फोटो उघडले. सुट्टीचा दिवस, स्वतःची गाडी, मागच्या सीटवर स्कोनचा डबा. वाटेत तिने कंपनीच्या वार्तापत्रासाठी पवनचक्कीचा फोटो काढला होता. वेळ तीन दहा. चक्कीच्या पायथ्याशी एरॉलचं फाटक दिसत होतं. सताड उघडं.

तो रस्ता एरॉलच्या घराशीच संपतो. कंपनीचं काम बंद, एरॉल ॲडलेडला; तीन दहानंतर तिथून जायला तिच्याशिवाय कोणी उरलंच नव्हतं. दिवसाला वीस फाटकं लावणाऱ्या बाईला एकविसावं कुठे आठवणार?

फोटो पुसायला एक बोट पुरलं असतं. तिची गाडी कुठे नोंदलेली नव्हती. क्लाइव्हवर तर सगळ्यांनी शिक्कामोर्तब केलंच होतं. बोट स्क्रीनवर तसंच राहिलं, आणि तसं ते राहिलं याचीच तिला मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटली.

सोमवारी हॉल खच्चून भरला होता. मागच्या टेबलावर केक होते, पण कोणी हात लावत नव्हतं. क्लाइव्ह दाराशी उभा होता, टोपी हातात घेऊन.

"नाव," एरॉल म्हणाला.

"क्लाइव्ह दोन वीसला गेला," लिनेटने सुरुवात केली. "तीन दहाला फाटक उघडंच होतं. हा फोटो. म्हणजे बंद करणारा त्याच्यानंतर आला. त्याने साखळीला दोन वेढे दिले, इथलं कोणी देत नाही तसे. तो कंपनीच्या गाडीतून आला नाही, म्हणून नोंद नाही. आणि तो तुमच्याच घरी निघाला होता, कारण रस्ता तिथेच संपतो."

"गुरुवारी आमच्याकडे कोणीच..." डोरीन बोलता बोलता थांबली. तिचा हात तोंडावर गेला. "स्कोन."

"हो. मी," लिनेट म्हणाली. "मीच बंद केलं. मला वाटलं, एरॉल खूश होईल. क्लाइव्हविरुद्धचं पत्रही मीच लिहिलं. आणि कालपासून मला हे माहीत होतं. रात्रभर मी गप्प राहिले."

कोणी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

एरॉल लंगडत उठला. "अजून वीसेक पुरायच्यात. उद्या पाचला ये. फावडं मी देतो." चक्क्यांबद्दल तो एक अक्षर बोलला नाही.

क्लाइव्हने टोपी घातली. "रविवारीच सांगितलं असतंस," तो हळूच म्हणाला, "तर आज बायकोला बाजारात तोंड लपवावं लागलं नसतं." आणि तो निघून गेला.

लिनेट त्याच्यामागून बाहेर पडली. पायरीवर आल्यावर तिचा हात सवयीने मागे गेला, हॉलचं दार ओढून घ्यायला.

"लिनेट," आतून डोरीनचा आवाज आला, अगदी थकलेला. "राहू दे गं. उघडंच होतं ते."