नंदाबाईच्या डोक्यावरचा हात

खोटं सांगत असंन तर माह्या जिभेले किडे पडो. मागच्या उन्हाळ्यातला रविवार, भरदिवसा, दारव्ह्यात आमच्या चर्चमध्ये घडलेलं हाय हे.

आमचे पास्टर राजदीप. त्यांचा प्रभूपेक्षा वायफायवर विश्वास जास्त!

आधीचे पास्टर सायकलवर घरोघरी जात. आजाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करत. यांनी कॅमेरा घेतला, लाईट घेतला, अन् घरभेटी बंद केल्या. "मोबाईलवर सगळे जोडले जाऊन राह्यले," म्हणत.

जोडले म्हणे, डोंबलाचे!

माही मावशी नंदाबाई खाटेवर पडलेली. घर चर्चच्या मागच्याच गल्लीत. मोबाईलवर पास्टरले तिचं एकच मागणं. "पास्टर, मरायच्या आधी एकडाव डोक्यावर हात ठेवा जी."

साहेबांनी चर्चमधूनच कॅमेऱ्याले तळहात लावला. "मावशी, मोबाईलले डोकं टेकवा. आशीर्वाद पोचते."

बिचारीनं टेकवलं. मंग मले म्हणाली, "काच हाय वं पोरी. हात नाही."

त्याच आठवड्यात ती गेली. पास्टर मातीले आले, तेही लाईव्ह करत. लाज म्हणून नाही!

मावशीचा मोबाईल मी बंद करून पर्समध्ये टाकला.

पुढच्या रविवारी मी पहिल्याच बाकावर होती. समोर मोठा पडदा, त्यावर घरून जोडलेल्या लोकांचे चौकोन. पास्टरांनी ऐटीत तळहात कॅमेऱ्याले लावला. "टेकवा डोकं..."

एक नवा चौकोन उघडला...

नाव आलं... नंदाबाई.

मी पर्स चाचपली. मोबाईल आतच. बंद.

पडद्यावर चेहरा नव्हता. नुसती पांढऱ्या, विरळ केसांची टाळू... जवळ येत गेली... येत गेली...

पंखे फिरत होते, पण त्यांचा आवाज येईना.

पास्टरांचा हात कॅमेऱ्यावरून निघेना. ओढून राह्यले, घामाघूम. "थंड हाय..." ते पुटपुटले. "केस लागून राह्यले हाताले..."

मंग चौकोन गेला. हात सुटला.

आता ते रोज घरोघरी फिरतात. लोक म्हणतात, पास्टर सुधरले. सुधरले कायचे? भेव हाय ते!

परवा माह्या दारात आले. मी पाणीबी विचारलं नाही. "आता कायले फिरता? तिले पाह्यजे होतं तवा पाय मोडले होते काय?"

त्यांनी उजवा हात पुढं केला. बोटं वाकलेली... खाली कोणाचं डोकं असल्यासारखी.

"ताई, मावशीले तुम्ही तरी सांगा," ते रडकुंडीले आले. "डोकं काढतच नाही जी. मी चाललो का संगं चालते."

मले कीव आली नाही.

पण त्या हाताखालून... मावशीच्या खोबरेल तेलाचा वास आला.

मावशी माहीच होती. मले तिनं लेकीसारखं वाढवलं. तरी पास्टर गल्लीत दिसले का मी दार लावून घेते.