माझा श्वास मी घेईन

जोगेश्वरीच्या चाळीतून मी हॉस्पिटलात गेले ती टॅक्सीत आडवी पडून, पण तोंड चालूच होतं. सहासष्ट साल असेल. मणक्याला क्षय झाला होता. डॉक्टर म्हणाले, बरगडी काढून छातीच्या बाजूने मणका साफ करू, काही महिने प्लास्टरच्या साच्यात पडून राहायचं, मग चालशील. मी म्हटलं, लवकर उरका, कारखान्यातली माझी जागा कोणी बळकावायच्या आत. मी बल्ब पॅक करायचे. त्या गेटातून पुन्हा स्वतःच्या पायांनी आत जायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

ऑपरेशन झकास झालं. पण मणक्यापर्यंत पोचताना फुफ्फुसावरचं पातळ आवरण फाटलं, छातीत हवा साठली आणि उजवं फुफ्फुस बसलं. मग छातीत एक नळी घातली. तिचं दुसरं टोक खाटेखालच्या काचेच्या बाटलीत, पाण्यात बुडवलेलं. मी श्वास सोडला की अडकलेली हवा त्या पाण्यातून बाहेर यायची. बुड... बुड... दिवसभर तो आवाज.

पर्पेच्युआ सिस्टर आंबोली गावठाणातली, तोंडाची फटकळ. "खोल श्वास घे, खोकल," ती म्हणायची. "दुखेल. दुखू दे. फुफ्फुस फुललं नाही ना, तर परत टेबलावर जाशील. आणि तुझ्यात आता दुसऱ्या ऑपरेशनची ताकद नाही गं, खरं सांगते."

पण प्रत्येक श्वासाला डोळ्यांपुढे अंधारी यायची. मी चोरून, वरवरचे श्वास घ्यायला लागले.

भेटायच्या वेळेला आई आली, लवूमामाला घेऊन. माझी आई जानकी, मालवणकडची. माझं तोंड बघितलं मात्र, पिशवीतून नारळ काढून तिने खाटेच्या पायथ्याशी ठेवला, पदर डोक्यावर घेतला आणि गाऱ्हाणं घालायला उभी राहिली. आमच्यात कुठलंही जड काम असलं की त्या जागेच्या राखणदाराला आधी सांगतात. एकाने बोलायचं, बाकीच्यांनी होकार भरायचा.

"बा म्हाराजा, ह्या जाग्याचो जो कोण राखणदार आसात..."

"व्हय म्हाराजा," लवूमामा म्हणाला.

"माझ्या चेडवाक जा काय जड झाला आसा, ता तू तुझ्यार घे..."

"व्हय म्हाराजा."

हा दुसरा होकार दोघांचा होता, एक मामाचा आणि एक खाटेखालून आलेला. मामानेही ऐकला असावा, कारण त्याने वाकून खाटेखाली पाहिलं. खाली बाटली होती, दुसरं काही नव्हतं.

गावात राखणदार कोण हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. हॉस्पिटलच्या वॉर्डात हाकेला ओ द्यायला कोण बसलेलं असणार, हा विचार माझ्या आईला शिवला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारची जेवणं आटोपली. वॉर्डात सुस्ती आली. फिनेलचा आणि पेजेचा वास, वर कुरकुरणारा पंखा. माझा डोळा लागत होता, तेवढ्यात वास बदलला. ओल्या, ताज्या प्लास्टरचा वास. माझं प्लास्टर तर केव्हाच वाळलं होतं. बाटली एका लयीत वाजत होती. मला इतकं बरं वाटत होतं, कुठेच दुखत नव्हतं. मग हळूहळू माझ्या ध्यानात आलं... मी श्वासच घेत नव्हते.

बाटली मात्र वाजतच होती.

मान वळवायची सोय नव्हती. "कोण आहे," म्हणायला ओठ हलवले, पण आवाजालाही हवा लागते.

"पड तू..." खाटेखालून कोणीतरी अगदी हळू म्हणालं. "मी घेतोय ना तुझा."

आवाजात वाईट काहीच नव्हतं. दमलेल्या, बऱ्याच दिवसांनी हाताला काम मिळालेल्या माणसाचा आवाज. त्याचीच मला भीती वाटली.

पडदा सारून सिस्टर आली. माझी नखं निळी पडलेली बघून तिने खाडकन थोबाडीत दिली. "नलिनी, घे श्वास." मी घेतला आणि कळवळले. वास गेला.

संध्याकाळी डॉक्टरांनी मला श्वास रोखून धरायला सांगितलं. मी रोखला. बाटली थांबायला हवी होती, ती थांबली नाही. त्यांनी बूच तपासलं, नळी तपासली. म्हणाले, हवा आतून कुठेतरी गळतेय, परवा पुन्हा उघडून बघू.

मग मात्र माझं डोकं फिरलं. मणका माझा, फुफ्फुस माझं, दुखणंसुद्धा माझं. त्यात हा उपरा कोण? परवा टेबलावर मी मरणार, आणि हा खाली बसून शांतपणे माझ्या वाटचे श्वास घेणार.

दुसऱ्या दुपारी मी त्याची वाटच बघत होते. वास आला. दुखणं ओसरायला लागलं.

"उगाच कशाला त्रास करून घेतेस..." तो म्हणाला. "मला सवय आहे. मी इथलाच."

बोलण्यापुरती हवा मी ओढली. डोळ्यांत पाणी आलं. "माझं मला दे."

"दुखेल..."

"दुखू दे. तुझ्या बापाचं काय जातं? तुला आईने बोलावलं, मी नाही बोलावलं. माझा श्वास मी घेईन."

आणि मी खोकले. बाटली खदखदली. सिस्टर धावत आली, तिला कळलं काहीच नाही, पण बरगडीवर उशी दाबून धरत म्हणाली, "शाब्बास, अजून." मी खोकत राहिले. खोकता खोकता चाळीच्या नळावर शिकलेल्या सगळ्या शिव्या त्याला दिल्या. शेवटी एक मोठा बुडबुडा फुटला आणि बाटली गप्प झाली.

दुसऱ्या दिवशी एक्सरे काढला. फुफ्फुस पूर्ण फुललं होतं. ऑपरेशन रद्द झालं. डॉक्टरांनी फिल्म दोनदा उजेडात धरून बघितली.

त्या संध्याकाळी आई एकटीच आली. तिला दमा होता. आमचा वॉर्ड वरच्या मजल्यावर, त्यामुळे रोज आली की आधी स्टुलावर बसून धापा टाकायची. त्या दिवशी उभ्या उभ्याच बोलायला लागली.

"आज दम लागूक नाय गो. हलका वाटता."

ती हसत होती. मी तिच्या छातीकडे बघितलं. बोलण्यापुरती हवा आत जायची, आणि ती गप्प झाली की पदर हलायचा नाही.

"आई, श्वास घे."

"कित्याक? माका बरा वाटता."

मी तिचं मनगट धरलं. "घे म्हटलं ना."

तिने घेतला, माझ्या समाधानासाठी.

मी चालत घरी आले. भांडून कारखान्यातली जागा परत मिळवली. लग्नाचं कोणी विचारलं की मणक्याचं कारण सांगते. दमा तिचा पुन्हा उलटला नाही, त्याला आता दहा-अकरा वर्षं झाली. मी रोज तिच्या शेजारी झोपते. ती गप्प झाली की कोपराने ढोसते, श्वास घे म्हणते, आणि ती झोपेतच घेते. कधी कधी तिच्या बाजूने तो दमलेला आवाज येतो... पड तू. मी पडत नाही. उठून बसते आणि पुन्हा ढोसते. इतकी वर्षं मी त्याला जिंकू दिलेलं नाही.

आतासुद्धा ती आत निजली आहे. तुझ्याशी बोलण्याच्या नादात तिला ढोसून किती वेळ झाला, कळलंच नाही. तो दिवा दे इकडे.