हेडफोनमधला ठेका

हे खरं आहे. मसाला हवा असेल त्याने दुसरं काहीतरी वाचावं. यात मी चांगली दिसत नाही, म्हणूनच इतके दिवस गप्प होते.

अकरा फेब्रुवारी, मंगळवार. दुपारचे तीन. कॅनडातल्या केप ब्रेटन बेटावरच्या आमच्या घराचं तळघर. बर्फाने रस्ते बंद, नवरा लिओ कामावर अडकलेला. घरात मी एकटी.

समोर नवंकोरं इलेक्ट्रिक व्हायोलिन.

सत्तेचाळिसाव्या वर्षी हे थेर कशाला? सांगते.

माझी इफी आत्या गावातली नावाजलेली वादक. लग्न असो नाहीतर मयत, तिच्याशिवाय चालायचं नाही. खुर्चीत बसून वाजवायची आणि दोन्ही पायांनी जमिनीवर ठेका धरायची. टाच, चवडा. टाच, चवडा.

म्हातारपणी तिचे हात कापायला लागले. तरी शेवटच्या नाताळात आमच्या स्वयंपाकघरात तिने व्हायोलिन उचललं. टोरांटोहून माझ्या सासूबाई आल्या होत्या. आत्याचे सूर वाकडे जायला लागले. मला लाज वाटली. सगळ्यांसमोर मी तिच्या हातातला गज काढून घेतला आणि खांद्यावर दोनदा थोपटलं. पोराला थोपटतात तसं.

"बास आता, आत्या."

"एवढी धून पुरी होऊ दे गं, मार्सेला."

मी होऊ दिली नाही.

नंतर भांडी पुसताना सासूबाई म्हणाल्या, "का थांबवलंस त्यांना? मी ऐकत होते ना."

मार्चमध्ये आत्या गेली. लोक विचारायचे, शेवटपर्यंत वाजवायची का? मी बेधडक सांगायचे, नाताळात तिने आपणहून व्हायोलिन ठेवून दिलं.

साफ खोटं.

आमच्याकडे माणूस गेल्याला वर्ष झालं की चर्चमध्ये त्याच्यासाठी प्रार्थना, म्हणजे मिस्सा होतो आणि मग गावचे सगळे वादक चर्चच्या हॉलमध्ये जमतात. मेलेल्या माणसाची आवडती धून मिळून वाजवतात. पण पहिल्या चार ओळी घरच्या माणसाने एकट्याने वाजवायच्या. आत्याचं घरचं माणूस म्हणजे मी. आयुष्यात गज न धरलेली मी!

तिचं व्हायोलिन कपाटात होतं. त्याला हात लावायचं धाडस झालं नाही. म्हणून हे इलेक्ट्रिक. हेडफोन लावला की माझं रडगाणं फक्त मला ऐकू येणार.

त्या दुपारी हेडफोन लावला. गज ओढला.

काहीच नाही.

पुन्हा ओढला. शांतता.

शेवटी रॉडीकाकाला फोन केला. आत्याच्या शेजारी बसून त्याने चाळीस वर्षं वाजवलंय.

"राळ घासलीस का?"

"कसली राळ?"

तो खो खो हसला. "अगं, नवा गज राळेशिवाय मुका असतो. इफीची भाची म्हणवतेस आणि एवढंही ठाऊक नाही?"

फोन आपटला. हेडफोन पुन्हा कानावर चढवला, व्हायोलिन टेबलावर पडलेलं. पेटीत सापडलेली राळ मी गजाला घासत बसले.

आणि...

टक. टक.

हेडफोनमध्ये. टाच, चवडा. टाच, चवडा.

हेडफोन काढला. घर गप्प.

पुन्हा लावला. ठेका चालूच.

व्हायोलिनची बॅटरी काढली.

ठेका... चालूच.

दुसऱ्या दिवशी रॉडीकाकाला आडून विचारलं. "इलेक्ट्रिक व्हायोलिनला खोलीतला आवाज पकडता येतो का?"

"छे! त्याला माइक नसतो. तार हलली तरच आवाज. का गं, कोण गायला लागलं तळघरात?"

मी हसले. कशी हसले ते माझं मला माहीत.

सोडून द्यायला हवं होतं. पण मिस्साला वाजवलं नाही, तर लोक विचारतील. त्या विचारण्याचीच मला जास्त भीती होती. एवढी मी भित्री.

मी त्या चार ओळी घोकल्या. रोज दुसऱ्या ओळीच्या तिसऱ्या सुरावर तेच व्हायचं.

गज थांबायचा.

हिसका नाही. कुणीतरी टोक हळूच धरल्यासारखं. आणि मग खांद्यावर...

दोनदा.

नाताळात आत्या हीच धून वाजवत होती आणि मी तिला त्याच सुरावर थांबवलं होतं.

मिस्साचा दिवस उजाडला. हॉल भरलेला. चहा, ओटची बिस्किटं, मागे पंधरा वादक. रॉडीकाकाने माझी वायर स्पीकरला जोडली. "घाबरू नकोस. वाकडं गेलं तर आम्ही सांभाळू."

पहिली ओळ गेली.

मग स्पीकरमधून आलं... टक. टक.

सगळ्यांनी माझ्या बुटांकडे पाहिलं. बूट हलत नव्हते.

दुसरी ओळ. तिसरा सूर.

गज थांबला.

माझ्याच्याने राहवलं नाही. तिथेच बोलले. "तिने आपणहून नाही ठेवलं. मी गज हिसकावून घेतला. मला तिची लाज वाटली."

लिओ जमिनीकडे बघत होता.

वाटलं, आता सुटले. कबूल केलं की भूत जातं, असं तुम्हीच लिहिता ना या भुताच्या गोष्टींच्या पानावर?

रॉडीकाका घोगऱ्या आवाजात म्हणाला, "बस तू. आम्ही पुरी करतो."

पंधरा जणांनी धून पहिल्यापासून उचलली. पहिली ओळ. दुसरी ओळ.

तिसऱ्या सुरावर पंधराच्या पंधरा गज एकदम थांबले.

रॉडीकाकाने माझ्याकडे पाहिलं. त्याचा डावा हात स्वतःच्या खांद्यावर गेला होता.

त्या दिवसापासून आत्याची ती धून आमच्या गावात कुणालाच पुढे नेता येत नाही. ती पुरी करायची होती तिला; मी करू दिली नाही.

लोक रस्त्यात भेटले की मान हलवून पुढे जातात.