माझ्याकडे तर दिसतंय

तो आला तो ठिबकतच आला. केसांतून, कोपरांवरून, शर्टाच्या टोकांवरून पाणी गळत होतं आणि बाहेर तर लख्ख ऊन! नकाशा कक्षाच्या नुकत्याच पुसलेल्या फरशीवर चिखलाचे ठसे उमटवत तो थेट तिच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"नकाशेवाल्या बाई तुम्हीच ना?"

पाणीपुरवठा खात्यात तिला सगळे याच नावानं ओळखत. जमिनीखालच्या नळांचं अख्खं जाळं तिनं पिवळ्या पडलेल्या कागदांवरून उचलून वेबवरच्या नकाशात आणलं होतं. कुणाला त्यातलं काय दिसावं, कुणाला काय बदलता यावं, तेही तिनंच ठरवून एकेकाच्या लॉगिनला बांधून दिलं होतं. आज सकाळीच तो नकाशा सुरू झाला होता... महिनाभर चालवून बघायचा. मोठ्या साहेबांना पटला तर ठेवायचा, नाहीतर पुन्हा कपाट आणि कागद. सकाळपासून तिचे पाय जमिनीला लागत नव्हते.

"मीच. का?"

"मी दुरुस्ती पथकाचा इंजिनिअर. तुमच्या नकाशात आमचं शहर हरवलंय. तेवढं शोधून द्या."

त्यानं फोन पुढे धरला. पडदा करडा, कोरा. ना नळ, ना व्हॉल्व्ह.

तिनं आपला मॉनिटर त्याच्याकडे वळवला. निळ्या रेघा, लाल ठिपके, सगळं कसं झळकत होतं. "माझ्याकडे तर दिसतंय!"

"तुमच्याकडे दिसून काय उपयोग? नळ माझ्या डोक्यावर फुटला ना! व्हॉल्व्ह कुठे तेच कळेना." मग तो एकदम हसला. पापण्यांवर थेंब होते, ते हसताना गालांवर उतरले. "अंघोळ मात्र झकास झाली."

तिनं खुर्चीवरचा टॉवेल त्याला दिला आणि घाईनं पडद्यात डोकं घातलं. थेंबांकडे जरा जास्तच वेळ बघितलं होतं... त्याच्या लक्षात तर आलं नसेल?

चूक सापडली, तेव्हा तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. पथकाला नकाशा उघडून दिला होता, पण नळांची आणि व्हॉल्व्हची लेयर, म्हणजे नकाशावरचा तो थर, बघायची परवानगी द्यायचीच राहिली होती. घराची किल्ली दिली आणि आतल्या खोल्यांना कुलूप! ती पडली ॲडमिन. तिला कुठलंच कुलूप आडवं येत नव्हतं, म्हणून कुलूप आहे हेच तिला कळलं नव्हतं.

"चूक माझी आहे," ती म्हणाली.

तो टॉवेलातून डोकं काढून बघतच राहिला. "या खात्यात हे वाक्य पहिल्यांदाच ऐकलं. पुन्हा एकदा म्हणाल?"

"नाही. एका माणसाला एकदाच मिळतं."

दुसऱ्या दिवशी तिनं पथकासारखंच एक चाचणीचं लॉगिन बनवलं, फोन घेतला आणि त्यांच्याच गाडीत जाऊन बसली. खड्ड्यापाशी उभी राहिली, तेव्हा एकेक कळत गेलं. उन्हात फिकट निळ्या रेघा दिसतच नाहीत. हातमोजा घातलेल्या बोटाला तिची नाजूक बटणं सापडत नाहीत.

"तुमची बटणं मुंग्यांसाठी आहेत का हो?" त्यानं विचारलं.

"माणसांसाठी होती. तुमच्या बोटांचं माप कुणी दिलं नव्हतं."

"घ्या ना मग!" त्यानं चिखलानं माखलेला पंजा पुढे केला. पथकातली माणसं उगाचच दुसरीकडे बघू लागली. तिनं बोटाला बोट न लावता नुसत्या नजरेनं माप घेतलं... आणि तरी हाताला काहीतरी लागल्यासारखं वाटलं.

बटणं मोठी झाली, रेघा गडद झाल्या. सामान्य लोकांसाठीच्या नकाशात फक्त पाण्याची वेळ आणि बंद असलेला भाग, एवढंच ठेवलं. तिचे बाबा तो रोज उघडत आणि जिन्यात भेटेल त्याला थांबवून सांगत, "आज संध्याकाळी उशिरा येणार पाणी. नकाशात आहे. आमच्या लेकीनं केलाय तो." शेजारी त्यांना चुकवून जाऊ लागले, तरी बाबांचा उत्साह काही ओसरेना.

इंजिनिअर काही ना काही निमित्त काढून नकाशा कक्षात येऊ लागला. एकदा मात्र खरंच काम घेऊन आला.

"चौकातला व्हॉल्व्ह नकाशात रस्त्याच्या भलत्याच बाजूला आहे. मला बदलायची परवानगी द्या, आत्ता सरकवतो."

"नकाशावर सूचना टाका. आमचा माणूस जाऊन तपासेल, मग सरकेल."

"मी रोज तिथे उभा असतो, बाई. माझ्यावर विश्वास नाही?"

नुसती एक टिचकी मारायची होती. तिचं बोट माऊसवर होतंच... तिनं हात काढून घेतला.

"तुम्हाला दिली तर ती पथकाला दिल्यासारखी होणार नाही. तुम्हाला म्हणून दिल्यासारखी होईल."

बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. त्यानं उचललेला चहाचा कप तसाच खाली ठेवला.

"म्हणजे... मी पथकापेक्षा वेगळा आहे?"

"चहा निवतोय तुमचा."

तो चहा न पिताच गेला. तिला वाटलं, संपलं. पण तासाभरात त्याची सूचना आली. रीतसर, फोटोसकट.

महिना सरला. सभागृहात सगळं खातं जमलं. मोठे साहेब खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "नकाशा छान आहे हो. पण परवानग्यांचं हे काय सोवळं-ओवळं? सगळ्यांना सगळं देऊन टाका. तेवढं होत नसेल तर आपले कागदच बरे."

ती 'हो' म्हणाली तर नकाशा वाचत होता... पण मग तो तिचा राहत नव्हता, कुणाचाच राहत नव्हता.

"साहेब, ही सरावाची प्रत. यात तुम्हाला सगळे हक्क दिलेत. जरा तुमचं घर शोधता?"

साहेब उठले. मोठ्या पडद्यावर बोट ठेवून त्यांनी नकाशा सरकवला, म्हणजे त्यांना तसं वाटलं. बोटाखाली आला मुख्य व्हॉल्व्ह, आणि तो घसरत घसरत जाऊन पडला थेट बागेतल्या तळ्यात!

मागून कुणीतरी म्हणालं, "बदकांची सोय झाली!" सभागृह खदखदून हसलं. साहेब आपल्या बोटाकडे बघत राहिले.

ती हसली नाही. "साहेब, हे कुणाच्याही बोटानं होईल. माझ्यासुद्धा. म्हणून ज्याला कामाला जे लागतं ते त्याला मिळतं. कमी नाही, जास्तही नाही."

तेवढ्यात इंजिनिअर उभा राहिला. "साहेब, मीही बदलायची परवानगी मागितली होती. बाईंनी दिली नाही. रागच आला होता. पण तपासायला माणूस आला, तेव्हा कळलं की तिथे दोन व्हॉल्व्ह आहेत आणि मी भलताच सरकवणार होतो. पुन्हा अंघोळ झाली असती... या वेळी अख्ख्या पथकाची." तो तिच्याकडे वळला. सगळ्यांदेखत, अगदी ताठ मानेनं. "चूक माझी होती."

साहेबांनी घसा खाकरला. "नकाशा राहू द्या. आणि बाई... माझ्या लॉगिनला नुसतं बघायचंच ठेवा."

टाळ्या वाजल्या. तिनं मान खाली घातली नाही. आज का घालायची?

बाहेर जिन्यात तो थांबला होता. पहिल्यांदाच कोरडा, पहिल्यांदाच अडखळत.

"एक सूचना होती. नकाशावर टाकणार होतो... पण सूचना अख्ख्या पथकाला दिसतात."

"कशावरून?"

"आधी दुसऱ्याच्या फोनवर बघून घेतलं. तुमच्याकडूनच शिकलो." त्यानं श्वास घेतला. "मला तू आवडतेस. फार. बोललो नाही कधी... पण दिसत असेलच ना? की नाही दिसत?"

तिनं त्याच्या पापण्यांकडे बघितलं. या वेळी नजर काढून घेतली नाही.

"माझ्याकडे तर... केव्हाचं दिसतंय."

तो हसणार तोच तिनं बोट वर केलं. "पण माझ्याकडे दिसतं म्हणून सगळीकडे दिसतं असं धरून चालायचं नाही, हे एका ओल्या माणसानं मला शिकवलंय. बाबांना अजून काही दिसलेलं नाही."

"मग?"

"मग काय? चल घरी. त्यांच्यासमोर उभं राहून तपासू."

आणि ती पुढे निघाली. जिन्यात भेटेल त्याला थांबवून सांगायला बाबांना आज आणखी एक गोष्ट मिळणार होती.