आज्जीच्या हातातले मांजर

“आज्जी, एकच फोड! आ कर ना…”

सहा वर्षांच्या रेणूने बैंगनपल्ली आंब्याची फोड तारामतींच्या ओठांशी नेऊन धरली होती, रस तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होता, आणि टेबलाभोवतीची सगळी माणसे आता आजी तोंड उघडेल म्हणून हसत वाट पाहत होती. तारामतींनी मान फिरवली.

“नको गं राणी. मला आंबा आवडत नाही.”

“आवडत नाही?” प्रशांतचा चमचा ताटात आदळला. “आई, निदान खोटं तरी नीट बोल! लहानपणी माझ्या वाट्याच्या कोयीसुद्धा तू चोखायचीस. पोरगी सहा वर्षांत पहिल्यांदा या घरी आली, तिच्या हातचं खायला तुला एवढं जड जातं?”

“अहो, जाऊ द्या…” त्याची बायको त्रिवेणी पुटपुटली.

“का जाऊ द्या? थोरल्या शर्वरीच्या जन्माच्या वेळी ही पुण्याला चाळीस दिवस राहिली. रेणूच्या वेळी फोनवर सांगते, मला हैदराबाद सोडवत नाही! आता आठ दिवसांसाठी आलो, तर मंगळवारी लायब्ररी, काल लायब्ररी. उद्या शनिवार. उद्याही लायब्ररीच ना?”

मेच्या बेचाळीस अंशांतही तारामतींनी मनगटापर्यंत बाह्यांचे पोलके घातले होते, आणि त्यातली डावी बाही त्या नकळत खाली ओढत होत्या.

त्यांची दोन्ही मूत्रपिंडे सहा वर्षांपूर्वी निकामी झाली होती. आठवड्यातून तीनदा त्या जात ते अफझलगंजच्या वाचनालयात नव्हे, तर नामपल्लीजवळच्या एका डायलिसिस केंद्रात. तिथे चार तास यंत्र त्यांचे रक्त धुऊन परत देत असे. आंब्यात पोटॅशियम असते, ते बाहेर टाकण्याची सोय त्यांच्या शरीरात उरली नव्हती, आणि साचलेले पोटॅशियम हृदय बंद पाडू शकते. चौतीस वर्षे महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवलेल्या बाईला हे कुणी समजावण्याची गरज नव्हती.

मग लपवले का? आजार पिढीजात होता. मूत्रपिंडांत पाण्याच्या गाठी वाढत जातात; तारामतींचे वडील चव्वेचाळीसाव्या वर्षी त्यानेच गेले. अपत्याकडे तो जाण्याची शक्यता बरोबर निम्मी, ना कमी ना जास्त. प्रशांतला कळते, तर तो त्याच दिवशी आपले मूत्रपिंड द्यायला धावून आला असता, आणि ते देण्याजोगे आहे का हे पाहण्यासाठी त्याची तपासणी झाली असती… त्या तपासणीत काय निघाले असते? मोजमाप काय येईल या भीतीने मोजणे टाळू नका, असे विद्यार्थ्यांना बजावणाऱ्या तारामतींनी स्वतःच्या मुलाचे मोजमाप सहा वर्षे होऊ दिले नव्हते. नवऱ्याला, मुकुंदरावांना, त्यांनी स्वतःच्या डोक्यावर हात ठेवायला लावून शपथ घातली होती. शपथेवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. मुकुंदरावांचा होता, म्हणून ती उपयोगी होती.

“उद्या तू सालारजंग म्युझियमला घड्याळ बघायला आली नाहीस,” प्रशांत उठता उठता म्हणाला, “तर पुढल्या सुट्टीत आमची वाट बघू नकोस.”

मुकुंदरावांनी बोलायला तोंड उघडले. तारामतींनी त्यांच्याकडे एकदाच पाहिले. त्यांनी ते मिटले. मग रेणूच्या हातातली फोड तारामतींनी तोंडात घेतली. सहा वर्षांनी जिभेवर आलेली ती चव! किती गोड, आणि किती नेमकी जीवघेणी…

“येते रे,” त्या म्हणाल्या. “उद्या लायब्ररी बंद.”

आत जाऊन त्यांनी केंद्रातल्या भाग्यलक्ष्मी सिस्टरला फोन लावला. उद्याची पाळी संध्याकाळी हलवावी, तर जागा नव्हती, एकदम सोमवारी. “वद्दम्मा, नक्को!” ती कळवळून म्हणाली. “दोन दिवस जास्त होतात. रिस्क है.”

“ठाऊक आहे,” तारामती म्हणाल्या, आणि फोन ठेवून दिला.

शनिवारी गौलीगुड्याहून दोन रिक्षा निघाल्या. नदीच्या अलीकडे वाचनालयाची इमारत दिसताच प्रशांतने बोट दाखवले. “मुलींनो, नमस्कार करा. तुमच्या आजीचं तीर्थक्षेत्र!” अकरा वर्षांची शर्वरी खुदकन हसली. तारामतीही हसल्या. पाय सुजून चपलेचे पट्टे रुतले होते, श्वास अर्ध्यावरच संपत होता, आणि अंगात साचलेल्या पाण्यात भर नको म्हणून सकाळपासून त्यांनी घोटभरही पाणी घेतले नव्हते.

संग्रहालयाच्या चौकात ते जुने घड्याळ बघायला माणसांची दाटी झाली होती. दर तासाला आतून एक इवला दाढीवाला बाहुला येतो आणि घंटा बडवून जातो. बाराला सर्वांत जास्त टोले, म्हणून बाराला सर्वांत जास्त गर्दी. रेणू बाकावर बसलेल्या आजीच्या मांडीवर चढली, डाव्या दंडावर गाल टेकवून बसली. बाराला एक मिनिट उरले, आणि सगळा चौक एकाएकी निःशब्द झाला.

त्या शांततेत रेणूने डोके उचलले, पुन्हा कान लावला, आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

“आज्जी! तुझ्या हातात मांजर आहे! गुरगुरतंय!”

आजूबाजूचे लोक हसले. तारामतींनी हात झटक्याने ओढून घेतला. रेणू घसरली आणि रडू लागली.

“आई!” प्रशांतने रेणूला उचलायला हात पुढे केला, पण तो पडला आईच्या दंडावर, आणि तिथेच थबकला. बाहीच्या आत काहीतरी थरथरत होते, अखंड, जिवंत… त्याने बाही वर सारली. दोरखंडासारखी फुगलेली शीर. तिच्यावर सुयांचे व्रण, रांगेने, शेकडो.

“डायलिसिस?” असा हात त्याने पूर्वी एका सहकाऱ्याचा पाहिला होता. “बाबा… हे कधीपासून?”

मुकुंदरावांनी शपथ मोडली नाही. ते फक्त ओंजळीत तोंड लपवून हमसून हमसून रडू लागले, आणि घड्याळातला बाहुला बाहेर येऊन बारा टोले देऊन गेला तरी त्यांच्यातल्या कुणीही तिकडे पाहिले नाही.

तासाभरात भाग्यलक्ष्मीने कुठून तरी एक खुर्ची मोकळी केली. लाल नळ्या जोडल्या गेल्या. प्रशांत आईच्या पायांशी स्टुलावर बसला होता.

“मी दिलं असतं गं,” तो म्हणाला. “एक किडनी… लगेच दिली असती!”

“म्हणूनच सांगितलं नाही.”

“आणि मी तुला… काल तो आंबा…”

“चांगला होता रे,” त्या म्हणाल्या. मग डोळे मिटून त्यांनी उरलेले सगळे सांगितले: आजोबा, गाठी, निम्मी शक्यता. सांगताना आवाज वर्गातल्यासारखा कोरडा ठेवण्याचा प्रयत्न शेवटच्या वाक्याला फसला.

प्रशांतने नळीतल्या रक्तावरून नजर उचलली. “आणि या पोरी?”

“तुला असेल, तर प्रत्येकीला निम्मी. नसेल, तर शून्य.”

“सहा वर्षं, आई! मला असेल, तर सहा वर्षं औषध मिळालं असतं. निदान ब्लडप्रेशर तरी कुणी बघितलं असतं!”

“चुकले,” तारामती म्हणाल्या. हा शब्द त्यांनी मुलाशी आयुष्यात पहिल्यांदा वापरला. “मी तुला वाचवत नव्हते रे, बाळा. मी स्वतःला वाचवत होते… तो रिपोर्ट वाचण्यापासून!”

प्रशांतने त्यांच्या गुडघ्यांवर कपाळ टेकले. त्याचे खांदे गदगदत होते. तारामतींचा उजवा हात मोकळा होता; तो त्यांनी त्याच्या केसांत फिरवला, जिथे आता पांढरे दिसू लागले होते. प्रशांतच्या सोनोग्राफीला सोमवारी सकाळी नऊची वेळ मिळाली होती. मध्ये एक पूर्ण दिवस आणि दोन रात्री.

दार हळूच ढकलून रेणू आत आली. भाग्यलक्ष्मीने तिला दोन मिनिटांची परवानगी दिली होती. नळ्यांकडे तिने डोळे विस्फारून पाहिले, आजीपासून जरा लांबच उभी राहिली, मग बापाजवळ गेली आणि त्याचा डावा हात ओढून त्याला कान लावला. श्वास रोखून, नीट, एकाग्रपणे ऐकले. मग उजवा.

“पप्पांच्या हातात मांजर नाहीये, आज्जी,” तिने जाहीर केले. “मी दोन्हीकडे चेक केलं.”

यातून काहीच सिद्ध होत नव्हते. ती गुरगुर आजाराची नसते, शस्त्रक्रियेने जोडलेल्या शिरेची असते; एखाद्या विद्यार्थिनीने हे प्रयोगवहीत लिहिले असते, तर तारामतींनी लाल शाईने पान खोडले असते.

“पुन्हा बघ गं राणी,” त्या म्हणाल्या. “नीट बघ. सोमवारपर्यंत बघत राहा.”