एका वेळी एकच

आमच्याकडे कृत्रिम पाय तयार होतात. कारखाना म्हणजे दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत माझ्या धाकट्या दिरांची घासायची यंत्रं, आतल्या खोलीत मी आणि संगणक. माणसाचा उरलेला पाय ज्या सॉकेटमध्ये बसतो, त्याचा आकार मी स्क्रीनवर घडवते. त्या सॉफ्टवेअरचं लायसन्स आमच्याकडे एकाच माणसाचं. एका वेळी एकानेच वापरायचं, असं करारात स्पष्ट लिहिलंय. वापरणारी मी एकटीच, त्यामुळे कधी अडलं नव्हतं.

त्या दिवसांत एक टपालवाली आमच्याकडे खेटे घालत होती. अपघातात तिचा पाय गुडघ्याखालून गेला होता. मी केलेलं प्रत्येक सॉकेट तिला खुपायचं आणि नेमकं कुठे, ते काही सांगता यायचं नाही.

"इथं... नाही, आतून कुठंतरी," म्हणायची. शेवटच्या खेपेला ती हसली, पण डोळे भरून आले होते. "ताई, आता पुरे. ऑफिसात बसून शिक्के मारीन. दारोदार फिरणं काही माझ्या नशिबात नाही."

"एकदाच, शेवटचं," मी म्हटलं. मलाच खात्री नव्हती.

दुसऱ्या दिवशी जेवण उरकून कामाला बसले, तर स्क्रीनवर ओळ आली: 'या परवान्यावर दुसरी व्यक्ती काम करत आहे. कृपया थांबा.'

बंद करून पुन्हा चालू केलं. तीच ओळ. शेवटी कंपनीला फोन लावला.

"मॅडम, वापर सुरू दिसतोय," पलीकडची मुलगी म्हणाली. "तुमच्याच संगणकावरून."

"अहो, पण इथे मी बसलेय."

ती घुटमळली. "मग तुमच्या शेजारी कोणीतरी असेल ना?"

शेजारी कोणी नव्हतं. बाहेर यंत्र घरघरत होतं, एवढंच.

मग रोज दुपारी तेच होऊ लागलं. ऊन कललं की ओळ आपोआप जायची. तोवर माझा निम्मा दिवस वाया. भाऊजी वैतागले.

"वहिनी, याची कुलूप तोडलेली कॉपी मिळते. माझा मित्र टाकून देईल. ती बाई तिकडे लंगडतेय आणि तुम्ही करार कवटाळून बसलाय!"

"आपण 'मान्य' म्हटलंय, भाऊजी."

"कंपनीला म्हटलंय. कंपनी काय उपाशी मरणारेय?"

 त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, आणि टपालवालीचे डोळे तर समोरून हलत नव्हते. मी हो म्हटलं.

मित्र कॉपी टाकून गेला. मी ती उघडली. 'दुसऱ्या व्यक्तीचं काम पुसून पुढे जायचं?' असा प्रश्न स्क्रीनवर आला. खाली 'हो' आणि 'नाही'.

खोलीत ओल्या प्लास्टरचा वास सुटला होता. साच्यासाठीचं प्लास्टर त्या दिवशी आम्ही कालवलंच नव्हतं. मी 'हो'कडे निघाले, तर तळहाताखालचा माऊस किंचित मागे सरकला. हिसका नव्हता तो. हातातलं काम कोणी अर्धवट सोडायला सांगावं आणि आपण जरा आवरून धरावं, तसं.



कोणीतरी खरंच काम करत होतं. मी ते पुसायला निघाले होते.

मी 'नाही' दाबलं, उठले, खुर्ची मोकळी केली आणि भिंतीला टेकून उभी राहिले.

माऊसची बटणं वाजत राहिली. सावकाश. थांबून थांबून.

ओळ गेली तेव्हा स्क्रीनवर टपालवालीचंच सॉकेट होतं. नडगीच्या आतल्या बाजूला अंगठ्याएवढा उथळ खळगा पडला होता. माझ्या कुठल्याच मापात तो बसत नव्हता.

मी तसंच करायला दिलं.

टपालवालीने पाय चढवला. एक पाऊल टाकलं, मग दुसरं. थबकली. सगळं चुकलं, असंच मला वाटलं.

"ताई," ती हळूच म्हणाली, "ठणका तिथंच होता. तुम्हाला कसं कळलं?"

मी दार उघडून धरलं. ती पायऱ्या उतरली, रस्ता ओलांडला आणि भरभर कोपऱ्यावरून वळलीसुद्धा. भाऊजी यंत्र बंद करून दारात उभे राहिले होते. 

ती कॉपी मी काढून टाकली आणि लायसन्स दोन माणसांचं करून घेतलं.

"दुसरं कोण?" भाऊजींनी विचारलं.

"आहे एक."

"काम बरं जमतं?"

"माझ्यापेक्षा चांगलं."

त्यांनी आतल्या खोलीकडे एकदा पाहिलं आणि जास्त खोलात शिरले नाहीत. मी शेजारी नवं टेबल मांडलं, दुसरा संगणक जोडला, गादीची खुर्ची ओढून ठेवली. नव्या स्क्रीनवर करार उघडला. आता फक्त खाली जाऊन 'मान्य' दाबायचं होतं. मी हात मागे घेतला.

मजकूर आपणहून वर सरकू लागला. एकेक ओळ, सावकाश. एका कलमापाशी थांबला, परत मागे गेला, पुन्हा पुढे आला. मी वाट पाहिली. शेवटपर्यंत वाचून झाल्यावरच बटण दाबलं गेलं.

मग खुर्चीची गादी हळूच खाली दबली.